पाला डोक्यावर, खाली शेपट्या: टॅपिओकाचं उत्पन्न दर वर्षी का घसरतं

पाला माणसाच्या उंचीचा, हिरवागार. येणारे-जाणारे बांधावर थांबून बघतात. आणि काढणीच्या दिवशी झाड उपटावं तर खाली मुळ्यासारख्या चार शेपट्या लोंबतात. ही तक्रार मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकू येते, आणि तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: "खत तर मागच्या वर्षापेक्षा जास्तच घातलंय." म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून ठेवतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात तामिळनाडूत सेलमला आले. चांदीच्या पैंजणांचं हे शहर, त्यामुळे विटा-आटपाडीकडची बरीच घरं इथे आहेत. दुकान भावाने सांभाळलं, मी आत्तूरच्या बाजूला थोडी जमीन घेऊन शेतीत पडलो. इथे या पिकाला मरवळ्ळी किंवा कुच्ची किळंगु म्हणतात, केरळात कप्पा, पुस्तकात कसावा. मी टॅपिओका म्हणतो. सेलम, नामक्कल, धर्मपुरी या पट्ट्यात ते मुख्यतः स्टार्च आणि साबुदाण्यासाठी लावतात, आणि आपल्या एकादशीची खिचडी बहुतेक इथूनच निघालेली असते. 2023 मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गावाकडचे चुलते मात्र अजून विचारतात, "साबुदाणा झाडाला लागतो का रे?"

तर माझीच गोष्ट आधी. पहिल्या वर्षी एकरी 14 टन निघाले. शेजारच्या अण्णांनी पाठ थोपटली. दुसऱ्या वर्षी 12. तिसऱ्या वर्षी साडेनऊ, आणि स्टार्चही कमी. जमीन तीच, पाणी तेच, वाण तोच. खताच्या दुकानदाराने सांगितलं, जमीन दमलीय, युरिया वाढवा. वाढवला. पाला असा फोफावला की आत शिरायला वाट राहिली नाही, आणि कंद आणखी बारीक. एक गोष्ट कळायला मला तीन हंगाम लागले. आम्ही सगळे "वाण कुठला?" आणि "खत किती?" हे दोन वेगळे प्रश्न धरून बसलो होतो. टॅपिओकात ते वेगळे करताच येत नाहीत. बेणं, म्हणजे लावायची काडी, आजारी असेल तर खत वाया जातं. बेणं उत्तम असेल तर ते जमीन इतकी उपसतं की दोन वर्षांत तीच अडचण दुसऱ्या दाराने आत येते.

आधी पानाकडे बघा, पोत्याकडे नंतर

लागणीनंतर तीस ते पंचेचाळीस दिवसांनी सकाळच्या उन्हात शेतात जा. दुपारी नको, पानं मलूल असतात आणि आपणही.

इथे आपल्या भाषेचीच एक गफलत आहे. उसात लोह कमी पडून पान पांढुरकं-पिवळं झालं की आपण म्हणतो केवडा पडला. भेंडीत विषाणूमुळे शिरा पिवळ्या पडल्या तरी आपण म्हणतो केवडा. पहिल्याला फवारणीने उतार पडतो, दुसऱ्याला औषधच नाही. टॅपिओकाच्या शेतात हे दोन्ही केवडे शेजारी शेजारी उभे असतात आणि माणूस दोन्हींवर एकच पंप चालवतो. मीही एक अख्खा हंगाम मोझॅकवर, म्हणजे विषाणूच्या केवड्यावर, लोहाचं फेरस सल्फेट मारत बसलो होतो.

ओळखायचं असं. पानावर पिवळे-हिरवे डाग वेडेवाकडे पसरलेत, पान एका बाजूला ओढल्यासारखं मुरडलंय, पाकळ्या लहान-मोठ्या झाल्यात, तर तो मोझॅक. हा विषाणूचा रोग आहे, आणि आपल्या देशात त्याचे दोन विषाणू माहीत आहेत, एक भारतीय आणि एक श्रीलंकेच्या नावाचा. पांढरी माशी तो पसरवते. पण तिच्याहून मोठी वाहक तुमची बैलगाडी, जिच्यातून बेण्याच्या मोळ्या येतात.

पान मुरडलेलं नाही, आकार नीट आहे, फक्त शेंड्याची कोवळी पानं पिवळी ते पांढुरकी आणि शिरा हिरव्या, सगळीकडे सारख्याच, तर ते लोह. चुनखडीच्या जमिनीत हटकून दिसतं, आणि बहुधा शेताच्या ठरावीक तुकड्यातच दिसतं. कोवळी पानं अरुंद, बारकी, शिरांमध्ये फिकट ठिपके किंवा पट्टे असतील तर जस्ताकडे संशय न्यावा.

खालची जुनी पानं कडेने पिवळी पडून करपतात, टोकं जळाल्यासारखी होतात, पेरं आखूड राहतात: पालाशाची (पोटॅशची) भूक. पण मेख अशी की भूक असून पुष्कळदा झाड पानावर काहीच दाखवत नाही, नुसतं कंद देत नाही. म्हणून पान स्वच्छ दिसलं याचा अर्थ पालाश पुरेसा आहे असा काढू नका. नत्राची (नायट्रोजनची) कमतरता सोपी, सगळं झाड फिकट आणि खुजं. स्फुरदाची (फॉस्फरसची) ओळखू येईल अशी खूण या पिकात जवळजवळ मिळत नाही.

आणखी एक खूण, ही मला सेलम जिल्ह्यातल्या येथापूरच्या टॅपिओका संशोधन केंद्रावर एका कर्मचाऱ्याने दाखवली आणि तेव्हापासून मी हिच्यावर जगतो. मोझॅक पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पानापासूनच असेल तर रोग बेण्यातून आलाय. खालची पाच-सहा पानं निर्मळ आणि वरची बिघडलेली, तर तो नंतर माशीने आणलाय. शेताच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली मिळून शंभर झाडं मोजा, दोन्ही प्रकार वेगळे टिपा. बेण्यातून आलेली झाडं पन्नास निघाली तर खताचा विचार त्या वर्षापुरता बाजूला ठेवा.

मोझॅक निघाला तर

चालू पिकात इलाज नाही, हे आधी मान्य करा. उगाच टॉनिकच्या बाटल्या आणू नका. लवकर दिसलेली रोगट झाडं, महिना-दीड महिन्याच्या आत, उपटून शेताबाहेर न्या. उशिरा माशीने लागलेल्या झाडाचं उत्पन्न फार घटत नाही, ते राहू द्या, फक्त त्याची काडी पुढच्या वर्षी बेण्याला घ्यायची नाही.

इथेच सगळे घसरतात. काढणीच्या दिवशी कंद भरायची घाई असते, ट्रक उभा असतो, मजूर जेवायच्या सुट्टीवर डोळा ठेवून असतात. काड्या सगळ्या एकत्र बांधून बांधावर टेकवल्या जातात. कुठली काडी चांगल्या झाडाची, कुठली रोगट झाडाची, देवाला ठाऊक.  पुढच्या वर्षी रोग थोडा वाढतो, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. याला लोक "वाण उतरला" म्हणतात. वाण उतरत नसतो. उसाला आपण खोडव्याचं बेणं शहाणपणाने टाळतो आणि इथे मात्र दहा-दहा वर्षं घरच्याच काडीवर चालतो.

दुसरं एक फसवं आहे. कडक उन्हाळ्यात मोझॅकची लक्षणं दबतात, नवी पानं बरी दिसायला लागतात. म्हणून बेण्याची झाडं काढणीच्या वेळी निवडायची नाहीत. दोन महिन्यांचं पीक असताना, लक्षणं उघड असताना, चांगल्या झाडांना खुणेच्या रंगीत चिंध्या बांधायच्या. आमच्या घरच्या जुन्या साड्या यातच संपल्या. काढणीच्या आदल्या दिवशी फक्त चिंधीवाल्या झाडांच्या काड्या आधी कापून वेगळ्या ठेवायच्या. मजूर येण्याआधी. नंतर कापतो म्हटलं की संपलं.

काडी आठ ते दहा महिने पक्व झालेल्या झाडाची घ्या. शेंड्याचा कोवळा भाग आणि बुडखा टाका, मधला घ्या. टिपरी, म्हणजे काडीचा लावायचा तुकडा, 15 ते 20 सेंटिमीटरची, आठ-दहा डोळ्यांची, काप सरळ आणि गोल. कोयत्याने ठेचून तोडलेली टिपरी कुजते. लावायची उभी, पाच सेंटिमीटर खोल, डोळे वरच्या दिशेला. उलटी लावली तरी उगवते, पण रडत-रडत.

चांगलं बेणं कमीच मिळालं तर रोपवाटिका करा. टिपऱ्या अगदी जवळ जवळ, 4 बाय 4 सेंटिमीटरवर, जाळीखाली लावायच्या. वीस-पंचवीस दिवसांत फुटवे येतात, ज्यांच्यावर मोझॅक दिसेल ते उपटून फेकायचे, बाकीचे शेतात न्यायचे. एवढ्या एका चाळणीतून रोगाचा मोठा भाग गळतो. तिरुवनंतपुरमच्या श्रीकार्यम इथे 1963 पासून केंद्रीय कंद पीक संशोधन संस्था आहे, तिने दोन डोळ्यांच्या छोट्या टिपऱ्यांची पद्धतही बसवली आहे. नेहमीच्या रीतीने एका झाडापासून दहा झाडं होतात, तिच्या पद्धतीने साठापर्यंत. नवा वाण थोड्या काड्यांवरून वाढवायचा असेल तर तीच वापरा.

माझं म्हणाल तर, मी एकदा "रोगमुक्त बेणं" म्हणून एका विक्रेत्याकडून मोळ्या आणल्या होत्या. पावती नव्हती, पानं नव्हती, फक्त काड्या. काडीवरून रोग दिसत नाही हे तेव्हा अक्कलखाती जमा झालं. आता मी बेणं ठरवतो ते उभ्या पिकात जाऊन, पानं बघून, तेही दोन-अडीच महिन्यांचं असताना.

वाण: कुणासाठी लावताय ते आधी ठरवा

या पट्ट्यात वर्षानुवर्षं एच-226 आणि एच-165 चालत आलेत. दोन्ही श्रीकार्यमचे, 1971 चे. एच-226 दहा महिन्यांचा, स्टार्च चांगला, 28 टक्क्यांच्या आसपास. एच-165 आठ-नऊ महिन्यांत तयार होतो, वजन देतो, स्टार्चमध्ये मागे. खत पचवायची ताकद दोघांत आहे. पण मोझॅकला दोघंही सहज बळी पडतात, आणि आपली सगळी दुखणी इथूनच सुरू होतात.

मोझॅकला दाद न देणारे वाण आता आहेत. श्री पद्मनाभ हा 2006 चा, नंतर आलेला श्री रक्षा. आमच्याकडे सध्या श्री रक्षाची हवा आहे. मी दोन हंगाम लावतोय आणि शेतात मुरडलेलं पान शोधावं लागतं, एवढं सांगतो. पण म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्याला रोग होत नाही तो भरपूर पिकतो, आणि भरपूर पिकणारा जमिनीतून भरपूर उचलतो. जुन्या खताच्या मात्रेवर नवा वाण लावला तर पहिल्या वर्षी पेढे आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा मला फोन.

साबुदाण्याच्या कारखान्याला माल द्यायचा असेल तर लावण्याआधी तिथे जाऊन विचारा. इथे भाव टनावर ठरतो आणि पॉइंटवर तुटतो. पॉइंट म्हणजे स्टार्चचं मोजमाप. कंद हवेत तोलतात, मग पाण्यात बुडवून तोलतात, आणि वजनातल्या फरकावरून स्टार्च काढतात. दोन पॉइंट कमी भरले की तुमचे एकरी दोन टन जास्त निघालेले असले तरी हातात काही राहत नाही. कोरड्या दिवसांनंतर चांगला पाऊस झाला, झाडाला नवी पालवी फुटली आणि तुम्ही त्याच आठवड्यात काढणी केली तर पॉइंट पडतातच, कारण साठवलेला स्टार्च झाडाने पालवीला खर्च केलेला असतो. पोरं याला कारखान्याची लबाडी म्हणतात. कधी कधी असेलही. पण दर वेळी नाही.

खायला हवा असेल तर गोष्टच वेगळी. केरळात एम-4 वर लोकांचा जीव आहे, मलायाहून आलेला, शिजायला मऊ, कडू नाही. सहा-सात महिन्यांत येणारे श्री जया, श्री विजया भातखाचरातून दोन पिकांच्या मध्ये बसतात. स्टार्चसाठीचा कडवट कंद घरी शिजवू नका, आणि पाला शेळ्यांपुढे टाकू नका. त्यात सायनाइड तयार होतं, जनावर दगावतं. इथे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आपल्याकडे नव्याने लावणाऱ्याला नसतं, म्हणून लिहिलं.

आता खत

आधी हिशोब करू. टॅपिओकाचा एक टन कंद शेताबाहेर गेला की त्याच्याबरोबर साधारण तीन किलो पोटॅशियम जातं. माझ्या पहिल्या वर्षीच्या 14 टनांनी 42 किलो नेलं. खताच्या पोत्यावर पालाश ज्या रूपात छापलेला असतो त्या मापाने हे 50 किलो होतं. मी घातलं होतं काय? एकरी एक पोतं एमओपी (म्युरेट ऑफ पोटॅश), म्हणजे 30 किलो पालाश. उरलेले 20 किलो जमिनीच्या पोटातून गेले. काड्याही मी शेताबाहेर काढल्या, त्यांचा हिशोब वेगळाच. असं तीन वर्षं केलं आणि वर म्हणतोय, जमीन दमली! दमली कसली, मी तिला लुटली.

आणि त्यावर उपाय म्हणून घातला युरिया. पालाश कमी असताना नत्र वाढवलं की झाड पाला करतं. पानात तयार झालेली साखर खाली कंदात नेऊन तिचा स्टार्च करायला पालाश लागतो. तो नसेल तर माल वरच अडकतो, स्टार्च घटतो, कंदाचा कडवटपणाही वाढतो. "पाला डोक्यावर, खाली शेपट्या" हे चित्र निरोगी बेण्याच्या शेतात दिसलं तर दहातल्या आठ वेळा कारण हेच असतं.

तामिळनाडू कृषी विद्यापीठाची बागायती टॅपिओकासाठीची शिफारस हेक्टरी 25 टन शेणखत, 90 किलो नत्र, 90 स्फुरद, 240 पालाश अशी आहे. नत्र आणि पालाश अर्धा-अर्धा, निम्मा लागणीला आणि निम्मा 90 व्या दिवशी भरणी करताना, म्हणजे झाडाला मातीची भर देताना. स्फुरद सगळं लागणीला. एकरात आणि पोत्यांत बोलायचं तर युरिया साधारण 80 किलो, एमओपी 160 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 230 किलो. म्हणजे लागणीला युरिया 40, एमओपी 80, सुपर सगळं, आणि 90 व्या दिवशी पुन्हा युरिया 40, एमओपी 80. दुकानदार पालाशाचा आकडा ऐकून हसेल. हसू द्या. जिरायतीला मात्रा कमी आहे, हेक्टरी 50, 65, 125 आणि शेणखत निम्मं, ते सगळं लागणीलाच.

आता गंमत बघा. केरळात, लाल जांभ्या मातीत, तिरुवनंतपुरमची संस्था जास्त उत्पन्नाच्या वाणांना हेक्टरी नत्र 100, स्फुरद 50, पालाश 100 सांगते, आणि त्याच मातीत एम-4 ला आणि गावठी वाणांना 50, 50, 50. माती एक, मात्रा निम्मी, कारण एम-4 ला त्यापुढचं खत दिलं तर तो पाला करण्यापलीकडे काही करत नाही. त्यामुळे "टॅपिओकाला एकरी किती खत?" या प्रश्नाला वाणाचं नाव कळल्याशिवाय उत्तर नाही. याच संस्थेने 2015 मध्ये श्री पवित्रा नावाचा वाण दिला, तो कमी पालाशातही बरा पिकतो. पालाशाचे भाव बघता हलक्या जमिनीवाल्याने त्याची चौकशी जरूर करावी.

स्फुरदाबाबत मी हात आखडता घेतो. या पिकाच्या मुळांवर एक बुरशी राहते, ती लांबवरचं स्फुरद मुळांना आणून देते. शिवाय वर्षानुवर्षं मिश्रखत टाकलेल्या शेतांत स्फुरद साठून राहिलेलं असतं. माती परीक्षणात ते जास्त आलं तर निम्मं करा, फार जास्त आलं तर एखादं वर्ष बंद ठेवा. वाचलेले पैसे पालाशात. मी सुपर निम्म्यावर आणलं त्याला चार वर्षं झाली, कंदाला कळलेलंही नाही.

शेणखत मिळत नाही ही तक्रार खरी आहे. कोंबडीखत घालणारे बरेच आहेत, नामक्कलला कोंबड्यांना तोटा नाही. पण ते नत्राने गरम असतं, घातलंत तर युरिया तेवढा कमी करा. माझा आवडता उपाय चवळी. लागणीआधी चवळी पेरायची आणि फुलावर आली की जागेवरच गाडायची. शेणखताची जागा ती बऱ्यापैकी भरून काढते. शिवाय काढणीनंतर पाला शेतातच पसरून नांगरा. तो जाळणाऱ्यांना मी काही बोलत नाही आता.

लोहाचा केवडा असेल तिथे 1 टक्का फेरस सल्फेट, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम, आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा, संध्याकाळी. जस्ताला 0.5 टक्का झिंक सल्फेट. पंपातलं पाणी तुमच्या बोअरचं क्षारयुक्त असेल तर फवारा फुकट, गोडं पाणी घ्या. लागणीआधी टिपऱ्या लिटरला पाच ग्रॅम एमओपी आणि प्रत्येकी 0.5 टक्का झिंक व फेरस सल्फेटच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवणं हेही कृषी विद्यापीठाने जिरायतीसाठी सांगितलंय. स्वस्त आहे, करा.

खताच्या नावावर खपणारी इतर दुखणी

एका टिपरीला चार-पाच फुटवे ठेवले की पाला दाट आणि कंद बारीक. महिना-दीड महिन्यात समोरासमोरचे दोन ठेवून बाकी मोडा. तण पहिल्या तीन महिन्यांत आवरलं नाही तर तुमचा पालाश हरळी खाते. लागणीनंतर आंबवणी-चिंबवणी, म्हणजे पहिली दोन हलकी पाणी, वेळेवर, मग वाफसा बघून पाणी. कायम ओल्या शेतात कंद कुजतो, वास येतो, आणि लोक म्हणतात खत जास्त झालं.

शेंडा गुच्छासारखा आखडला, पेरं एकमेकांवर बसली आणि आत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. टॅपिओकाचा खास परदेशी पिठ्या 2020 मध्ये केरळात सापडला आणि इकडे पसरला. आफ्रिकेतल्या बेनिनमधून त्याचा शत्रू असलेली एक इवलीशी गांधीलमाशी आणून 2022 मध्ये येथापूरला सोडली गेली, तेव्हापासून बराच आराम आहे. दिसला की घाबरून जहाल औषध मारू नका, त्या माशीलाच माराल. शेंडे खुडून नष्ट करा. आणि तोही बेण्याच्या काडीवर बसूनच गावोगाव फिरतो, हे सांगायला नको.

कोकणातून दोन-तीन जणांनी विचारलंय म्हणून थोडक्यात. जांभ्याची आम्लधर्मी जमीन या पिकाला चालते, केरळात तेच तर आहे. तुमच्याकडे लोहाचा प्रश्न येणार नाही, पालाश मात्र पावसाबरोबर वाहून जाईल, तो दोन नव्हे तीन हप्त्यांत द्या. पावसात पाणी साचू नये म्हणून वरंब्यावर लावा. दापोलीच्या विद्यापीठात कंदपिकांचं काम चालतं, बेण्याची चौकशी तिथेच आधी करा. सेलमहून काड्या मागवू नका, आमचा मोझॅक तुमच्याकडे पोहोचायला नको. आणि विकायचं कुणाला ते ठरवल्याशिवाय एकरभर लावू नका. उपटलेला कंद दोन-तीन दिवसांत आतून काळा पडायला लागतो, आणि साबुदाण्याचा कारखाना तुमच्या घाटाखाली नाही.

तरीही कळलं नाही तर: चार पट्टे

बेणं दोषी की खत, हे पान बघूनही ठरत नसेल तर शेतालाच विचारा. एका बाजूला सारख्या मातीचे चार पट्टे आखा, प्रत्येकात पन्नास-साठ झाडं. पहिल्यात घरची काडी आणि नेहमीचं खत. दुसऱ्यात घरची काडी, पण वर दिलेल्या मात्रेचं खत. तिसऱ्यात निवडलेली निरोगी काडी आणि नेहमीचं खत. चौथ्यात निरोगी काडी आणि पूर्ण मात्रा. वाण चारही पट्ट्यांत एकच ठेवा. कडेच्या ओळी सोडून प्रत्येक पट्ट्यातली मधली दहा झाडं उपटा आणि तोला.

मी एच-226 वर केलं तेव्हा दहा झाडांमागे पहिल्या पट्ट्यात 20 किलो भरले, दुसऱ्यात 23, तिसऱ्यात 29, चौथ्यात 36. नुसत्या खताने तीन किलो वाढले, नुसत्या काडीने नऊ. दोन्ही मिळून मात्र बारा नाही, सोळा. वरचे चार किलो कुठून आले? निरोगी झाडाला खत पचलं, रोगट झाडाला पचलं नव्हतं. एका शेताचा, एका हंगामाचा आकडा आहे, तुमच्याकडे वेगळा येईल. तीन फुटांवर लागण असेल तर एकरात 4840 झाडं बसतात, त्यावरून टनांचा हिशोब करा.

तो हिशोब मी वहीत मांडत होतो तेव्हा अण्णा मागून बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नातवाच्या हातून निरोप पाठवला: चिंध्यांसाठी जुन्या साड्या उरल्यात का?